कडाबीन : वस्तू, शब्द आणि आख्यायिका

जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांत घोडेस्वाराच्या आखूड बंदुकीस, म्हणजे कडाबिनीस, विशेष मान आहे. ती अमुक लढाईत वापरली गेली असे सांगता आले की तिचे मोल वाढते. आणि या ओढीमुळेच तिच्या वर्णनात वस्तुस्थिती व आख्यायिका यांची सरमिसळ होते. हस्तलिखितास जी पाठचिकित्सा आपण आवश्यक मानतो, ती या वस्तूसही लावली पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'कडाबीन' हे युरोपीय 'काराबिन' शब्दाचे देशी रूप होय. मूळच्या 'र'च्या जागी येथे 'ड' आला आहे. या बंदुकीच्या डाव्या अंगास लोखंडी दांडी व कडी असते आणि खांद्यावरील पट्ट्यास ती कडी अडकविली जाते. तेव्हा 'कडी'वरून 'कडाबीन' अशी व्युत्पत्ती सुचण्याचा मोह होतो. परंतु ती केवळ लोकव्युत्पत्ती ठरेल. शिवाय मराठीत हा शब्द फाकलेल्या तोंडाच्या आखूड बंदुकीसही लागतो. म्हणून एखाद्या घरी 'कडाबीन' म्हणून जपलेली वस्तू घोडदळाचीच असेल, असे नावावरून ठरविता येत नाही.

घोडदळाची खूण रचनेत शोधावी लागते. कंपनीच्या पायदळी बंदुकीची नळी सुमारे ३९ इंचांची, तर ब्रिटिश हलक्या घोडदळाच्या पॅजेट कडाबिनीची केवळ १६ इंचांची होती. धावत्या घोड्यावरून ठासणीचा गज पडू नये म्हणून तो नळीच्या तोंडाशी बिजागरीने जखडलेला असे. अशा खुणांपासून वर्णनाची सुरुवात व्हावयास हवी. प्रत्यक्षात ती बहुधा लढाईच्या नावापासून होते.

वर्धा जिल्ह्यातील जामचेच उदाहरण घेऊ. नागपूरहून दक्षिणेस येणारा रस्ता येथे हिंगणघाट व चंद्रपूर या दिशांना फुटतो. भोसल्यांच्या राज्यातील या परिसरात एखादी कडाबीन निघाली, तर तिला सीताबर्डीची लढाई चिकटणे अगदी स्वाभाविक आहे. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी झालेल्या त्या लढाईत कॅप्टन फिट्झजेरल्डच्या हाताखालील सहाव्या बंगाल घोडदळाच्या तुकड्यांनी चढाई केली, हे प्रसिद्धच आहे. परंतु त्या काळची लष्करी कडाबीन गारगोटीच्या चापाची होती. टोपीची पद्धत ब्रिटिश सैन्यात १८४० च्या सुमारास रूढ झाली. टोपीची कडाबीन १८१७ ची म्हणून दाखविणे हा उघड कालविपर्यास होय. मात्र येथेही घाई नको. गारगोटीच्या कित्येक बंदुका पुढे टोपीच्या करून घेण्यात आल्या. जुन्या संहितेत शिरलेल्या क्षेपकाप्रमाणे असा बदल वेगळा ओळखावा लागतो. त्यामुळे मूळ संहिता खोटी ठरत नाही.

चापाच्या पट्टीवरील मुद्रा हा दुसरा पुरावा. मुकुट व 'टॉवर' ही अक्षरे ब्रिटिश सरकारी शस्त्रांवर आढळतात. मुकुट धरलेला सिंह ही कंपनीची खूण. पण मुद्राही नकलता येते. वायव्य सरहद्दीवरील कारागिरांनी केलेल्या नकलांत इंग्रजी अक्षरे उलटी कोरलेली किंवा शब्द अशुद्ध लिहिलेले सापडतात. लिपी न जाणणाऱ्या लेखनिकाच्या प्रतीत जे घडते, तेच येथे लोखंडावर घडले आहे.

युद्धेतिहास कागदाच्या आधाराने उभा राहतो तेव्हा त्याला अलंकरणाची गरज उरत नाही. २४ एप्रिल १८५७ रोजी मीरत येथे तिसऱ्या बंगाल हलक्या घोडदळाच्या ९० स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसे नाकारली. ती नव्या एन्फील्ड बंदुकीची नसून कडाबिनीची होती. या आखूड बंदुकीचे इतिहासातील स्थान दाखविण्यास एवढी एक नोंद पुरेशी आहे. मात्र त्या पथकाची कोणती विशिष्ट कडाबीन आज कोणाजवळ आहे, हे त्या नोंदीवरून सिद्ध होत नाही.

म्हणून संग्रहातील वर्णनपत्रिकेत तीन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात : वस्तू स्वतः काय सांगते, कागदपत्रे काय सांगतात, आणि घरची परंपरा काय सांगते. तिसरी गोष्ट टाकाऊ नव्हे. घराण्याच्या स्मृतीचा व भाषेचा तो पुरावाच आहे, आणि सांगणाऱ्याच्या शब्दांतच तो नोंदविला पाहिजे. परंतु तिला पहिलीच्या जागी बसविणे आणि शोभेसाठी दस्ता घासून त्यावरील क्रमांक पुसणे, या दोन्ही कृतींचा परिणाम एकच : जो इतिहास मिरवावयाचा, त्याचाच पुरावा नष्ट होतो.