तलवारीतले पिशाच्च : एल्रिक आणि स्टॉर्मब्रिंगर

अद्भुतकथेतील वीराच्या हाती मंतरलेली तलवार असणे ही जुनीच रूढी. पण ती तलवारच एक पिशाच्च असेल, तर पराक्रम कोणाचा आणि पाप कोणाचे? मायकल मूरकॉक या इंग्रज लेखकाच्या एल्रिक-कथा या प्रश्नाभोवती फिरतात. त्यांतली पहिली १९६१ साली ‘सायन्स फँटसी’ या नियतकालिकात आली. एल्रिक हा मेल्निबोनेच्या ऱ्हास पावलेल्या साम्राज्याचा शेवटचा सम्राट. वर्णहीन कांतीचा, औषधांवाचून उभे राहणेही कठीण असलेला. स्टॉर्मब्रिंगर ही काळी तलवार मारलेल्यांचे आत्मे पिते आणि त्यांचे बळ त्याला पुरवते.

या नात्याला व्यसनाचे रूपक मानले जाते. पहिल्या कथेच्या अखेरीस एल्रिक तलवार समुद्रात भिरकावतो. ती बुडत नाही, आणि तोच पोहत जाऊन ती परत घेतो. हे व्यसनच. तरीही रूपक अपुरे पडते, कारण व्यसनी माणूस आधी स्वतःला जाळतो. इथे आधी जळतात ती जवळची माणसे. प्रेयसी सिमोरिल याच पात्यावर मरते. पुढे पत्नी झारोझिनियाचा अंतही तिथेच होतो. प्रत्येक मृत्यूनंतर एल्रिक शोक करतो आणि दोष तलवारीच्या नावावर मांडतो. हा शोक इतक्यांदा येतो की पुढेपुढे वाचक कंटाळतो. या कथामालेचा हा खरा दोष आहे.

आपल्या वेताळाशी तुलना केली तर फरक उठून दिसतो. ‘कथासरित्सागरा’तला वेताळ राजाच्या खांद्यावरून सतत बोलतो, न्यायाचे पेच घालतो, आणि शेवटी कपटी भिक्षूचा बेत सांगून राजाला वाचवतो. ती सोबत विवेकाची परीक्षा आहे. स्टॉर्मब्रिंगर मात्र विव्हळते, गुणगुणते, पण प्रश्न विचारत नाही. एल्रिकला उत्तर द्यावेच लागत नाही, म्हणून सबब शिल्लक राहते.

ही सबब मूरकॉक १९६५ च्या ‘स्टॉर्मब्रिंगर’ या पुस्तकात काढून घेतो. जगाच्या अंतकाळी नियतीचे शिंग फुंकायला एल्रिकच्या अंगात बळ उरत नाही, तेव्हा मित्र मूनग्लम आपला प्राण देऊ करतो. शिंग वाजते, नवे जग उभे राहते, आणि मग तलवार धन्यालाच मारते. मानवाकृती धारण करून ती पहिल्यांदा स्पष्ट बोलते : तुझ्यापेक्षा मीच कितीतरी अधिक दुष्ट होते, अशा अर्थाचे. पिशाच्चाच्या तोंडचे हे वाक्य खरे मानायचे का, हे लेखक सांगत नाही. पण मागची सगळी पाने त्याच्या उजेडात पुन्हा वाचावी लागतात.

मूरकॉकने शेवट आधी लिहिला. एल्रिकच्या हाती ही तलवार कशी आली, ते सांगणारी ‘एल्रिक ऑफ मेल्निबोने’ ही कादंबरी १९७२ ची. तीत तो सिमोरिलला सोडवण्यासाठी तलवार उचलतो आणि शत्रूला जीवदानही देतो. परिणाम ठाऊक असलेल्या वाचकाला तिथे चमत्कार दिसत नाही. दिसतो तो चांगल्या हेतूने केलेला करार. त्या क्षणी तलवारीने त्याला भाग पाडले, असे म्हणायला जागा उरत नाही.