परकराचा आडोसा

आमच्या घरी धुणं वाळत घालायचा क्रम ठरलेला होता. उंच वलणीवर काठीने आधी साडी जायची आणि तिच्या मागे, भिंतीच्या अंगाला, परकर. अंगणातून येणाऱ्या-जाणाऱ्याला साडी दिसली तर चालायचं, परकर दिसता कामा नये. ऊन न लागल्याने परकर दमट राहायचे, पावसाळ्यात त्यांना कुबट वास यायचा. आईने हे मला कधी शिकवलं नाही. बघून बघूनच माझाही हात तसा वळला.

अल्केता जाफा-म्रिपा या कलावतीच्या ‘मेंदोय पर त्यू’ या मांडणीशिल्पाची छायाचित्रं पाहिली आणि आधी ती वलणी आठवली. १२ जून २०१५, कोसोवोची राजधानी प्रिश्टिना. शहरातल्या फुटबॉलच्या मैदानावर दोऱ्याच दोऱ्या बांधलेल्या, आणि त्यांवर चिमट्यांनी लावलेले सुमारे ५,००० झगे आणि स्कर्ट. पांढरे, लाल, फुलाफुलांचे. मैदान पुरुषांच्या खेळाचं, आरडाओरड्याचं. आणि त्यावर बायकांचं धुणं, भर उन्हात, कशाच्याही आड नसलेलं.

१९९८-९९च्या युद्धात सर्बियन फौजांनी आणि निमलष्करी टोळ्यांनी कोसोवोतल्या हजारो स्त्रियांवर बलात्कार केले. २०,००० हा आकडा नेहमी सांगितला जातो, पण तो अंदाज आहे. मोजणार कोण आणि सांगणार कोण? युद्ध संपलं, लढलेल्यांचे पुतळे उभे राहिले. या बायका मात्र घरात गप्प बसल्या. आपल्याकडे ‘तिची अब्रू गेली’ असं म्हणतात. ज्याने अत्याचार केला त्याचं काही गेल्याचं भाषेतसुद्धा दिसत नाही. तिथेही कलंक तिलाच चिकटला. अल्केता शिकायला लंडनला गेली होती आणि युद्धामुळे तिथेच राहिली. परत येऊन ती गावोगाव फिरली आणि लोकांकडे एकच गोष्ट मागितली : एक झगा.

घरातली धुणी चव्हाट्यावर धुऊ नयेत, असं आपण बजावत असतो. या दोरीवर मात्र धुण्यासारखं काही उरलेलंच नाही. कपडे स्वच्छ आहेत. मळ या कपड्यांचा कधी नव्हताच, हे ती एका शब्दाविना सांगते.

पण मला या कलाकृतीचं खरं मर्म त्याहून खोल, तिच्या रचनेत वाटतं. झगे देणाऱ्यांत तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष अतिफेते याह्यागा होत्या, सामान्य गृहिणी होत्या, आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रियाही होत्या. दोरीवर गेल्यावर कुठला कुणाचा, हे ओळखता येत नाही. जिने नवऱ्यालाही काही सांगितलेलं नाही, तीसुद्धा आपला झगा भर मैदानात लावू शकते. तिच्या शेजारचा झगा तिचा आडोसा होतो. आमच्या वलणीवर साडी परकराला लपवायची. इथे ५,००० झगे एकमेकांना झाकतात आणि तरी सगळेच उन्हात असतात. लपणं आणि दिसणं एकाच दोरीवर. लोकसहभाग म्हणून पुष्कळदा प्रेक्षकाच्या हाती कागदाचा चिटोरा देतात, तो चिकटवला की त्याचं कर्तव्य संपतं. तसलं काम मला कधी पटलं नाही. इथे जिच्यावर काही ओढवलं नाही तिने झगा आणला नसता, तर जिच्यावर ओढवलं ती उघडी पडली असती. इथे सहभाग म्हणजे भिंत व्हायचं आहे.

नावाकडेही थांबून पाहावं. ‘मेंदोय पर त्यू’ म्हणजे ‘मी तुझा विचार करते आहे’. की ‘करतो आहे’? मराठीत निवड करावीच लागते. अल्बेनियनमध्ये ‘मेंदोय’ म्हणणारा पुरुष की स्त्री, हे क्रियापदावरून कळत नाही. म्हणजे ते कुणीही म्हणू शकतं, भाऊ, बाप, नवरासुद्धा. आणि ‘त्यू’ एकवचनी आहे. कपडे ५,०००, पण बोलणं एकीशीच. ‘तुम्हा सर्वांचा’ नाही, ‘तुझा’.

वरच्या आसनांवरून काढलेल्या छायाचित्रांत नुसते रंग दिसतात, एखाद्या सणाच्या पताकांसारखे, आणि तेवढं एक मला खुपतं. इतक्या वेदनेला इतकं देखणं होऊ द्यावं का? जवळून घेतलेल्या छायाचित्रात मात्र पताका उरत नाहीत. कमरेचं माप दिसतं, बाहीची शिवण दिसते. हे कुणीतरी अंगावर घातलेलं होतं. वारा शिरला की कापड क्षणभर फुगतं, आत कुणी उभं असल्यासारखं, आणि पुन्हा रिकामं होतं.

झगे दोरीवरून उतरले. तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०१८मध्ये, त्या युद्धात अत्याचार सोसलेल्या वास्फिये क्रास्निची-गुडमन दूरचित्रवाणीवर आपल्या नावानिशी, चेहरा न झाकता बोलल्या. असं जाहीर बोलणाऱ्या त्या पहिल्याच. एप्रिल १९९९मध्ये त्यांना घरातून नेलं तेव्हा त्या १६ वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी, २०१८मध्ये, अशा स्त्रियांना सरकारी मासिक वेतन मिळण्याची सोय प्रत्यक्षात आली. त्यासाठी अर्ज करून समितीपुढे सगळं सांगावं लागायचं. घरच्यांना कळेल या भीतीने अनेकजणींनी अर्जच केला नाही.