ओळख पटवायला कुणी नाही

अर्विन विंक्लर यांचा ‘द नेट’ (१९९५) रहस्यपट म्हणून गाजला. पण त्यातले रहस्य फार वेळ टिकत नाही. टिकते ती निराळीच धास्ती.

कॅलिफोर्नियातली संगणकतज्ज्ञ अँजेला बेनेट घरी बसूनच काम करते. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी ओळख नाही. जेवणसुद्धा ती संगणकावरून मागवते. मेक्सिकोतील सुट्टीहून ती परतते, तो घर विक्रीला निघालेले आणि दप्तरी ती रूथ मार्क्स नावाची गुन्हेगार ठरलेली! ही चोरी यंत्रामुळे घडते हे खरे. परंतु ती पचते माणसांच्या अभावी. ‘ही अँजेलाच’ असे सांगणार कोण? आई आहे, पण तिची स्मृती गेलेली. यंत्र खोटे सांगते, आणि आईला खरे आठवत नाही. या दोहोंच्या कचाट्यात सापडलेली मुलगी, हे या कथेचे खरे बीज.

विंक्लर यांनी ते पेरले. जोपासले मात्र नाही. सँड्रा बुलक यांच्या चेहऱ्यावरचे एकाकीपण बोलू लागते न लागते, तोच पाठलाग सुरू होतात. सॅन फ्रान्सिस्कोतील संगणक-प्रदर्शनात एका चकतीतला विषाणू दुष्टांचा डाव उधळतो. यंत्राने घातलेली गाठ यंत्रच सोडवते. अखेरीस आई घरी येते, पण तेही उरकल्यासारखे. अँजेलाला तिचे नाव परत मिळते. तिला कुणी माणसाने ओळखावे, ही आपल्या मनात जागवलेली ओढ मात्र अतृप्तच राहते.