अजातशत्रू म्हणू नका

आम्ही निवृत्त झालो तेव्हा रीतसर निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, सगळं. ज्यांच्याशी अभ्यास मंडळाच्या प्रत्येक बैठकीत आमचं कडाक्याचं वाजायचं, ते गृहस्थ उठले आणि म्हणाले, सर म्हणजे अजातशत्रू. टाळ्या पडल्या. आमच्या मनात आलं, मग ती भांडणं कोणाशी झाली? (मगधाच्या अजातशत्रूने बापालाच कैदेत घालून मारलं असं बौद्ध परंपरा सांगते, ते असो.)

आजचा विषय राजकारणातल्या निरोपाच्या भाषणांचा. जो माणूस मत मांडायलाच सभागृहात आला, त्याला निरोप देताना त्याचं मतच वगळलं, तर उरतं कोण?

अशा भाषणांची थट्टा प्लेटोने ‘मेनेक्सेनस’मध्ये करून ठेवलेली आहे. तिथे प्रसंग युद्धात पडलेल्यांचा. सॉक्रेटिस म्हणतो, ती स्तुती ऐकताना आपण स्वतःच थोर झाल्यासारखं वाटतं आणि हा अंमल तीन दिवसांहून जास्त टिकतो! म्हणजे गौरव जाणाऱ्याचा, सुख मात्र ऐकणाऱ्याला.

आपल्या राज्यसभेत हे नेमाने घडतं. सभागृह विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, त्यामुळे निरोप ठरलेलाच. सर्वांच्या लक्षात राहिलेला निरोप ९ फेब्रुवारी २०२१चा. गुलाम नबी आझाद मुख्यमंत्री असताना काश्मीरमध्ये गुजराती पर्यटकांवर हल्ला झाला होता. त्या वेळी त्यांनी केलेल्या फोनची आठवण सांगताना पंतप्रधान मोदींना रडू आवरेना. अश्रू खरे की खोटे, या चर्चेत आम्हाला रस नाही. आम्ही खरेच धरतो. आमचं म्हणणं वेगळं आहे.

त्या दिवशी निरोप चौघांना होता. आझादांबरोबर शमशेर सिंह मन्हास, मीर मोहम्मद फैयाज आणि नझीर अहमद लावे. चौघेही जम्मू-काश्मीरचे. राज्यसभेवर माणूस निवडून पाठवते विधानसभा आणि तिथे त्या वेळी विधानसभाच नव्हती. म्हणजे हे चौघे उठल्यावर त्या खुर्च्यांवर बसायला कोणी येणार नव्हतं. त्या भरल्या ऑक्टोबर २०२५मध्ये. ऑगस्ट २०१९मध्ये ज्या निर्णयाला आझादांनी त्याच सभागृहात विरोध केला, त्याच्याशी हे सगळं थेट जोडलेलं आहे. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत काय होतं? अश्रू. माणुसकीच्या एका खऱ्या क्षणाने राजकीय वस्तुस्थिती झाकली गेली. कोणी मुद्दाम झाकली असं आम्ही म्हणत नाही. निरोपाच्या भाषणाचा साचाच तसा आहे.

साचा मोडता येतो का? येतो. ६ डिसेंबर १९५६. बाबासाहेब गेले, ते राज्यसभेचे सदस्य असतानाच. लोकसभेत नेहरू बोलले. राज्यघटनेचा उल्लेख केला, हिंदू कायद्याच्या सुधारणेचा केला आणि पुढे म्हणाले की ते सर्वांत जास्त स्मरणात राहतील ते हिंदू समाजातल्या जुलमी गोष्टींविरुद्धच्या बंडाचं प्रतीक म्हणून. त्यांची भाषा कधीकधी लोकांना लागत असे, हेही नेहरूंनी त्याच भाषणात सांगितलं. मृत्यूच्या दिवशी, भर सभागृहात! तिथे अजातशत्रू नव्हता. भांडलेला माणूस होता आणि तो का भांडला हेही होतं.

मात्र नेहरूंनाही आम्ही सहज सोडणार नाही. हेच बाबासाहेब पाच वर्षांपूर्वी त्यांच्याच मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. हिंदू कोड बिल रखडलं, हे एक मोठं कारण. दलितांच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, अशी आणखीही होती. ऑक्टोबर १९५१मध्ये ते राजीनाम्याचं निवेदन करायला हंगामी संसदेत उभे राहिले, तेव्हा उपसभापतींनी आधी प्रत मागितली. बाबासाहेब चिडले आणि बाहेर पडले. निवेदन सभागृहाऐवजी वर्तमानपत्रांकडे गेलं. जाणाऱ्याचं आपण ऐकून घेतलं नाही आणि तो गेल्यावर त्याच्याविषयी उत्तम बोललो, असा हा प्रकार आहे.

ते निवेदन आता महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांत मिळतं. आम्ही वर्गात दोन्ही एकाच बैठकीत वाचायला सांगत असू, आधी १९५१चं, मग १९५६चं. उलट क्रमाने वाचलं की मुलं नेहरूंवर खूश होऊन घरी जायची.