दीड तासाचा प्रश्न

मोबाईल दूर ठेवा, पहाटे उठा, मन एकाग्र करा, आयुष्य घडवा, असा उपदेश करणाऱ्या पुस्तकांचे आणि व्याख्यानांचे सध्या पेव फुटले आहे. ही व्याख्यानेही आपण मोबाईलवरच ऐकतो. पनवेलहून मुंबईला जाणाऱ्या लोकलमध्ये मी हे रोज पाहतो आणि माझाही अंगठा त्याच पडद्यावर फिरत असतो. तेव्हा मी कुणाला वरून शहाणपण शिकवीत नाही.

परंतु या उपदेशात मला एक खोट दिसते. विचलित होणे हा व्यक्तीचा दुर्गुण आणि एकाग्रता हा व्यक्तीचा सद्गुण, असे तो गृहीत धरतो. ज्याला स्वतंत्र खोली आणि दाराला कडी आहे, त्याच्यापुरते हे खरे असेल. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात, तिथल्या मुलाने काय करावे?

वेळेचा प्रश्न आपल्याला नवा नाही. हाडकी-हाडवळ्याच्या तुकड्यापायी महार वतनाने आपल्या पूर्वजांचा सगळा वेळच गहाण ठेवून घेतला होता. सरकारचा वा गावाचा सांगावा केव्हाही येई आणि हातातले काम टाकून धावावे लागे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते यासाठीच. आज सांगावा खिशात वाजतो. आपले पाहणे जाहिरातदारांना विकले जाते आणि पैसा कंपनीच्या गल्ल्यात जातो. ही तुलना सरसकट नाही. वतनात सक्ती होती. इथे आपण आपखुषीने धावतो. शिवाय वृत्तपत्रांनी कोपऱ्यात टाकलेल्या अत्याचाराच्या बातम्या याच पडद्याने गावोगाव पोचवल्या, हे नाकारता येणार नाही. पण बातमी पुढे पाठवणे म्हणजे चळवळ नव्हे आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांचे छायाचित्र लावणे म्हणजे त्यांचे वाचन नव्हे.

परळच्या चाळीत एका खोलीत भीमराव शिकत होते, तेव्हा रामजी सुभेदार त्यांना रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवीत. मुलाच्या एकाग्रतेमागे बापाचे जागरण होते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये हे जागरण साऱ्या गावाचे केले. संध्याकाळी सातला भोंगा वाजवायचा आणि साडेआठपर्यंत मोबाईल व टीव्ही बंद ठेवायचे, असे ठरले. हा नियम पोरांइतकाच थोरांनाही होता.

आमच्या वस्तीतल्या विहाराला वंदना आटोपली की कुलूप लागते. ते आणखी दीड तास उघडे ठेवता येईल. तिथे दिवा आहे, सतरंजी आहे, शांतता आहे. आधी आपण मोठ्यांनी मोबाईल दाराशी ठेवावेत, मग मुलांना सांगावे. भाषणाला माणसे मिळतात. या दीड तासासाठी रोज बसणारे कार्यकर्ते आपण देणार आहोत काय?