कतान आणि चूल

अब्दुल बिस्मिल्लाह यांची ‘झीनी झीनी बीनी चदरिया’ ही हिंदी कादंबरी १९८६ साली आली. बनारसच्या विणकरांमध्ये बरीच वर्षे वावरून, त्यांची बोली कानात साठवून लेखकाने ती लिहिली. आपल्याकडे तिचा विषय निघाला की ‘मुस्लिम समाजजीवनाचे दर्शन’ हे शब्द ठरलेले. ते दर्शन तिच्यात आहेच. पण मला ही कादंबरी आधी घराच्या हिशेबाची वाटते, आणि तो हिशेब वाचल्याशिवाय तिच्यातला तलाकही समजत नाही.

मतीन बानीवर विणतो. रेशमी कतान गिरस्ताचे, म्हणजे मालकाचे. विणून झालेली साडीही त्याचीच. मतीनच्या वाट्याला फक्त मजुरी, आणि साडीत डाग किंवा खोट निघाली की त्यातूनही कपात. हाजी अमीरुल्लांसारख्या गिरस्तासमोर साडी उलगडताना विणकराचा जीव का टांगणीला लागतो, ते यावरून कळते. विणकरांची सोसायटी काढून या कचाट्यातून सुटण्याची मतीनची धडपडही कशी मोडून पडते, हे लेखकाने ताकदीने लिहिले आहे. हा भाग वाचकाला चटकन भिडतो, कारण शोषण करणारा समोर उभा असतो.

पण साडीची मजुरी एकट्या मतीनची नसते. माग चालायचा तर कतान फेरलेले हवे, नऱ्या भरलेल्या हव्यात. ते काम घरातल्या बायकांचे. १८५७ नंतर उत्तरेकडून बरेच मोमीन विणकर मालेगाव-भिवंडीला आले. आपल्या मागांच्या गावांत कांड्या भरणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हे वेगळे सांगायला नको. गिरस्त पैसे मोजतो ते साडीचे, आणि ते पडतात पुरुषाच्या हातात.

कादंबरीत एके ठिकाणी बाईचा उपयोग काय, याची पुरुषी यादी येते. तीत पहिले काम कतान फेरण्याचे आहे. हांडी-चूल त्यानंतर, नवऱ्याची शेज आणि बाळंतपण त्याहून मागे. यात कुचराई झाली तर तलाकचा शब्द तयार! हा क्रम मला फार बोलका वाटतो. या घरात बायको आधी कारागीर आहे, बिनपगारी कारागीर. आणि तिला कामावरून काढायचा कायदा नवऱ्याच्या जिभेवर. धर्माच्या नावाने चाललेली ही मालकी लेखकाने न कचरता दाखवली, याचे मोल आपण ओळखले पाहिजे.

मात्र अलीमुनच्या बाबतीत त्याची लेखणी थोडी हळवी होते. तिला क्षय आहे. दम्या-खोकल्याच्या त्या अंधाऱ्या घरात आपण तिच्याकडे आजारी बायको म्हणून पाहतो, खंगत चाललेली कामकरी म्हणून क्वचितच. तिने कतान फेरायचे थांबवले तर ते काम पैसे देऊन बाहेरून करून घ्यावे लागेल, मग बानीच्या मजुरीतून हातात किती उरेल? हा हिशेब मला कादंबरीत पुरेसा मांडलेला दिसत नाही. पुढे मुलगा इकबाल बापाहून धीटपणे बोलू लागतो. त्याचा सवाल गिरस्ताला आहे. आईच्या चरख्याकडे त्याचेही लक्ष जात नाही.