एक्झेटरचें बिशपपद व लेओफ्रिकाची ग्रंथयादी

इंग्लंडांतील एक्झेटर शहराच्या बिशपांची नामावळी लेओफ्रिकापासून आरंभून एका दमांत आजवर आणण्याची वहिवाट पडली आहे. आमच्या मतें ती दोन ठिकाणीं सदोष आहे. हें पद मुळांत ९०९ सालीं क्रेडिटन येथें स्थापन झालें. लेओफ्रिकानें १०५० त तें तटबंदीच्या एक्झेटरास नेलें. तेव्हां तो स्थलांतरकर्ता होय, मूळ पुरुष नव्हे. शिवाय १५३४ त आठव्या हेन्रीनें रोमशीं संबंध तोडला, व १६४६ त पार्लमेंटानें रद्द केलेलीं बिशपपदें १६६० त पुनः आलीं. एका सूत्रांत ओवलेल्या नामावळींत या गांठी दिसत नाहींत.

परंतु संशोधकांनीं विशेष पाहावी ती लेओफ्रिकाची दानयादी. तींत नाना विषयांवरील एका मोठ्या पद्यबद्ध इंग्रजी ग्रंथाची नोंद आहे. तोच आजचा एक्झेटर-ग्रंथ, असें विद्वान मानतात. ही यादी त्याच पोथीच्या आरंभीं बांधलेली पाहून तेवढ्यावरच कोणी निर्णय देईल, तर तो फसेल. कारण तीं पानें मूळचीं शुभवर्तमानांच्या एका निराळ्या पोथींतील असून मागाहून येथें आलीं. ओळख पटते ती वर्णनसाम्यानें, सान्निध्यानें नव्हे.

आपल्याकडील बाडांतही परकीं पानें शिवलेलीं आढळतात. पुष्पिकेचा कागद व हस्ताक्षर उर्वरित पोथीशीं ताडून पाहिल्यावांचून कालनिर्णय करूं नये, एवढीच आमची संग्राहकांस विनंति आहे.